आरसा गेला, सगळा भार सेन्सरवर आला: मिररलेस कॅमेरा घेताना आणि वापरताना

नवा मिररलेस कॅमेरा घेतलेल्यांच्या तक्रारी ठरलेल्या असतात. गणपतीच्या मंडपात काढलेल्या फोटोंवर आडव्या काळपट पट्ट्या येतात. घरातली जुनी लेन्स अडॅप्टरवर नीट बसते, पण फोकस काही केल्या होत नाही. स्टुडिओत फ्लॅश जोडला की व्ह्यूफाइंडर काळाकुट्ट होतो. लग्नात दुपारच्या जेवणाआधीच बॅटरी संपते. बहुतेकांना वाटतं, कॅमेराच बिघडलेला निघाला. तसं नसतं. या चारही गोष्टींचं मूळ एकच आहे आणि ते समजलं, तर कोणता कॅमेरा घ्यावा, पैसे कुठे घालावेत आणि कुठे वाचवावेत, हेही बरंचसं आपोआप कळतं.

हे आता समजून घ्यायलाच हवं, कारण पर्याय कमी होत चालले आहेत. कॅनन आणि निकॉन या दोघांनीही २०२० नंतर नवी डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेली कॅमेऱ्याची बॉडी, आणलेली नाही. दुकानात नवा कॅमेरा मागितला की समोर मिररलेसच येतो.

आरसा करत काय होता?

डीएसएलआरमध्ये लेन्स आणि सेन्सर (प्रकाश टिपून फोटो बनवणारी चिप) यांच्यामध्ये तिरका आरसा असतो. लेन्समधून आलेला प्रकाश तो वरच्या व्ह्यूफाइंडरकडे पाठवतो आणि त्यातला थोडा हिस्सा खाली, फोकससाठी बसवलेल्या वेगळ्या यंत्रणेकडे जातो. प्रकाश मोजायला आणखी एक वेगळा भाग असतो. सेन्सर तोवर पडद्याआड निवांत असतो. बटण दाबलं की आरसा वर उचलला जातो, पडदा उघडतो आणि तेवढ्या क्षणापुरता सेन्सर कामाला लागतो.

मिररलेसमध्ये हा आरसाच काढून टाकला. पॅनासोनिकच्या जी१ने २००८ मध्ये याची सुरुवात केली, सोनीने २०१३ मध्ये ए७ मालिकेत फुल फ्रेम, म्हणजे ३६ गुणिले २४ मिमीचा मोठा सेन्सर आणला आणि २०१८ मध्ये कॅनन, निकॉनही फुल फ्रेम मिररलेसमध्ये उतरले. आता कॅमेरा सुरू असेपर्यंत सेन्सर उघडाच असतो. चित्र दाखवणं, प्रकाश मोजणं, फोकस लावणं, डोळा ओळखणं आणि शेवटी फोटो टिपणं ही सगळी कामं तो एकटा करतो.

याचे फायदे मोठे आहेत. फोकस थेट सेन्सरवरच ठरत असल्याने लेन्स किंचित पुढे-मागे फोकस करते, ही डीएसएलआरची जुनी डोकेदुखी जवळपास संपली. बहुतेक डीएसएलआरची फोकस यंत्रणा एफ/५.६ किंवा फार तर एफ/८ पर्यंतच चालायची (एफपुढचा आकडा जितका मोठा, तितकं लेन्सचं तोंड, म्हणजे अॅपर्चर, लहान आणि प्रकाश कमी). कॅननने २०२० मध्ये ६०० आणि ८०० मिमीच्या चक्क एफ/११ लेन्स काढल्या आणि त्यांच्यावर ऑटोफोकस चालतो. पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्यांसाठी हलकी, आवाक्यातली लांब लेन्स त्यामुळेच शक्य झाली. मात्र फक्त उन्हात. भल्या पहाटेच्या जंगलात एफ/११ फार अंधारी पडते.

व्ह्यूफाइंडरमध्ये दिसतं ते खरं मानायचं का?

बऱ्याच अंशी. इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर म्हणजे डोळ्याजवळचा छोटा पडदा. फोटो उजळ येणार की काळवंडणार, हे तो आधीच दाखवतो. पण त्याची स्वतःची ब्राइटनेस जास्त असली, तर कमी एक्सपोजरचा फोटोही छान वाटतो आणि घरी येऊन बघावं तर गडद. म्हणून हिस्टोग्राम (फोटोतल्या उजळ-गडद भागांचा आलेख) किंवा झेब्रा सुरू ठेवावा. झेब्रा म्हणजे जिथे प्रकाश जास्त होऊन पांढरं फटक पडणार, तिथे हलत्या तिरक्या रेघा दाखवणारी सोय. पांढरं धोतर, मूर्तीवरचा सोन्याचा मुकुट, समईची ज्योत अशा ठिकाणी ती फार उपयोगी पडते.

स्टुडिओतल्या काळ्या पडद्याचं उत्तरही इथेच आहे. एफ/८, १/१६० सेकंद, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १०० या सेटिंगला खोलीतल्या साध्या उजेडात काहीच दिसणार नाही आणि पडदा तेच प्रामाणिकपणे दाखवतो. फ्लॅश उडणार आहे, हे काही वेळा, विशेषतः रेडिओ ट्रिगर लावला असताना, कॅमेऱ्याला कळत नाही. अशा वेळी सेटिंगचा परिणाम दाखवणं बंद करायचं. कॅननमध्ये ‘एक्सपोजर सिम्युलेशन’, सोनीत ‘सेटिंग इफेक्ट’ आणि निकॉनमध्ये ‘व्ह्यू मोड’ अशा नावाखाली हा पर्याय सापडतो. काम झालं की परत सुरू करायला विसरू नये.

फोटोवर पट्ट्या का येतात?

नव्या वापरकर्त्यांना सर्वांत जास्त छळणारी गोष्ट हीच, आणि दुकानात ती कोणी समजावून सांगत नाही.

मिररलेसमध्ये शटरचे साधारण तीन प्रकार मिळतात. मेकॅनिकल शटरमध्ये खरे पडदे सरकतात. इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये काहीच हलत नाही; सेन्सरवरचा प्रकाश ओळीओळीने वाचला जातो. तिसऱ्यात सुरुवात इलेक्ट्रॉनिक आणि शेवट पडद्याने होतो.

गोची आहे ती ओळीओळीने वाचण्यात. उसाला पाटाने पाणी देताना पहिली सरी भरली की दुसरी, मग तिसरी. शेवटच्या सरीला पाणी पोचेपर्यंत पहिलीला मिळून बराच वेळ झालेला असतो. सेन्सरची वरची ओळ आणि खालची ओळ यांच्यातही असाच वेळ जातो. मध्यम किमतीच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत हा वेळ १/१५ ते १/६० सेकंदाच्या आसपास असतो. तेवढ्यात ढोलाची टिपरू खाली आली, तर फोटोत ती वाकडी दिसते. चालत्या लोकलमधून काढलेले विजेचे खांब तिरके येतात.

आता दिव्यांकडे बघू. भारतात वीज ५० हर्ट्झची आहे आणि स्वस्त एलईडी किंवा ट्यूब सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होते. डोळ्याला ते कळत नाही, पण सेन्सरला कळतं. समजा कॅमेऱ्याला पूर्ण चित्र वाचायला १/२० सेकंद लागतात. तेवढ्या वेळात दिवा पाच वेळा मंद-तेज होतो. शटर १/५०० ठेवलं तर काही ओळींना दिव्याचा तेज क्षण मिळतो, काहींना मंद. फोटोत पाच काळपट पट्टे उमटतात, मोजून बघता येतील असे.

उपाय गणितातच आहे. शटर १/१०० ठेवलं की प्रत्येक ओळीला दिव्याचा एक पूर्ण फेरा मिळतो आणि सगळ्या ओळी सारख्या उजळतात. १/५० ठेवलं तर दोन पूर्ण फेरे. घरात, कार्यालयात, देवळात सायलेंट मोडवर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटरवर, काम करायचं असेल, तर हे दोन आकडे पाठच असावेत. व्हिडिओत २५ फ्रेमला १/५०, ५० फ्रेमला १/१००. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची असल्याने तिथे हेच आकडे १/६० आणि १/१२० होतात. तिकडून आणलेला कॅमेरा इथे वापरताना मेनूतली व्हिडिओ पद्धत एनटीएससीवरून पॅलवर न्यावी. काही कॅमेऱ्यांत हा बदल केला की कार्ड फॉरमॅट करावं लागतं, म्हणून आधी फोटो उतरवून घ्यावेत.

जास्त शटर स्पीड हवाच असेल, तर मेकॅनिकल शटर आणि मेनूतलं ‘अँटी-फ्लिकर’ दोन्ही सुरू करायचं. मग कॅमेरा दिव्याचा तेज क्षण पकडून फोटो घेतो. सलग फोटोंचा वेग थोडा पडतो, तो सोसावा.

मेकॅनिकल शटर लावलं की प्रश्न मिटला?

साध्या ट्यूब-बल्बपुरता मिटतो. लग्नाच्या स्टेजमागची मोठी एलईडी स्क्रीन आणि रंग बदलणारे दिवे सेकंदाला शेकडो किंवा हजारो वेळा लुकलुकतात. मेकॅनिकल पडद्यालाही सेन्सर ओलांडायला साधारण १/२५० सेकंद लागतो, त्यामुळे तिथे बारीक पट्ट्या येऊ शकतात. यावर काही नव्या कॅमेऱ्यांत शटर स्पीड अगदी बारीक पायऱ्यांनी बदलता येतो, म्हणजे १/२५० नंतर थेट १/३२० न जाता मधले आकडे निवडता येतात. व्ह्यूफाइंडरमध्ये बघत पट्ट्या नाहीशा होईपर्यंत आकडा फिरवायचा. लग्नाची कामं घेणाऱ्याने बॉडी निवडताना ही सोय आहे का, ते जरूर विचारावं. मेगापिक्सेलपेक्षा ती जास्त कामाला येते.

तिसऱ्या, अर्ध्या इलेक्ट्रॉनिक प्रकारात एक खोट आहे. एफ/१.४ किंवा एफ/१.८ वर आणि १/२००० च्या पुढे मागच्या धूसर दिव्यांचे गोळे कापल्यासारखे दिसतात. भर उन्हात मोठ्या अॅपर्चरने पोर्ट्रेट काढताना पूर्ण मेकॅनिकल शटर असेल तर ते निवडावं.

महागड्या कॅमेऱ्यांत हे सगळं बदलतं आहे. निकॉन झेड९ मध्ये मेकॅनिकल शटरच नाही, कारण त्याचा सेन्सर फारच जलद वाचला जातो. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या सोनी ए९ थ्रीमध्ये तर सगळ्या ओळी एकाच क्षणी टिपल्या जातात. हौशी माणसाने त्यासाठी लाखो रुपये घालायची गरज नाही. १/१०० लक्षात ठेवणं फुकट आहे.

जुन्या लेन्स चालतील का?

आरसा गेल्याने लेन्सचा माउंट सेन्सरच्या जवळ आणता आला. माउंट म्हणजे लेन्स जिथे अडकवतात ते धातूचं कडं. निकॉनच्या डीएसएलआरमध्ये हे अंतर ४६.५ मिमी होतं, झेड माउंटमध्ये १६ मिमी आहे. कॅननमध्ये ते डीएसएलआरच्या ईएफ माउंटच्या ४४ वरून नव्या आरएफ माउंटच्या २० वर आलं. अडॅप्टर म्हणजे ही मधली जागा भरून काढणारी पोकळ नळी, निकॉनची ३०.५ मिमीची, कॅननची २४ मिमीची. आत काच नसते, म्हणून चित्राचा दर्जा घसरत नाही.

कॅननच्या ईएफ लेन्समध्ये फोकसची मोटर लेन्सच्याच आत असते. त्यामुळे कॅननच्या अडॅप्टरवर त्या उत्तम चालतात. निकॉनवाल्यांनी मात्र लेन्सवरची अक्षरं नीट वाचावीत. ‘एएफ-एस’ असेल तर निकॉनच्या एफटीझेड अडॅप्टरवर ऑटोफोकस मिळतो. ‘एएफ-डी’ लेन्सना, उदाहरणार्थ घरोघरी असलेल्या ५० मिमी एफ/१.८डी ला, बॉडीतल्या मोटरची गरज असते आणि एफटीझेडमध्ये मोटर नाही. ती लेन्स हातानेच फोकस करावी लागेल. व्ह्यूफाइंडरमध्ये ‘फोकस पीकिंग’ सुरू केलं, म्हणजे फोकसमधल्या कडा रंगीत दिसतात आणि काम निभतं. धावत्या पोराच्या मागे मात्र ते जमत नाही.

सेकंडहँड बाजारात आणखी एक सापळा आहे. कॅननचा एम५० स्वस्तात मिळतो आणि फोटोही चांगले देतो. पण त्याचा ईएफ-एम माउंट आता बंद झाला आहे. त्या माउंटचं अंतर १८ मिमी, आरएफचं २०. नळी बसवायला जागाच उरत नाही, त्यामुळे एमच्या लेन्स पुढे कॅननच्या आर मालिकेवर वापरता येत नाहीत. आहे त्या लेन्सवर वर्षानुवर्षं समाधानी राहणार असाल तरच तो घ्यावा.

म्हणूनच बॉडीआधी माउंट ठरवायचा. बॉडी पाच-सहा वर्षांत बदलते, लेन्स टिकतात. सोनीच्या ई माउंटला सिग्मा, टॅमरॉन यांच्या लेन्स भरपूर आहेत. कॅननने आरएफ माउंट बरीच वर्षं बाहेरच्यांसाठी आवळून धरला होता. २०२४ मध्ये सिग्मा आणि टॅमरॉनने एपीएस-सी, म्हणजे फुल फ्रेमहून लहान सेन्सरच्या आरएफ कॅमेऱ्यांसाठी लेन्स जाहीर केल्या आणि आर५०, आर१० वाल्यांची सोय झाली. फुल फ्रेम आरएफला ऑटोफोकसवाले बाहेरचे पर्याय अजून तोकडे आहेत.

फुल फ्रेम घेतल्याशिवाय अंधारात फोटो येत नाहीत, असं म्हणतात?

हे अर्धसत्य फार महागात पडतं.

फुल फ्रेम सेन्सर ३६ गुणिले २४ मिमी. एपीएस-सी त्याहून लहान, साधारण २३.५ गुणिले १५.६ मिमी, कॅननचा आणखी जरा लहान. त्यामुळे एपीएस-सीवर ५० मिमीची लेन्स फुल फ्रेमवरच्या ७५ मिमीसारखं चित्र देते, कॅननवर ८० मिमीसारखं. अंधारातला फुल फ्रेमचा फायदा साधारण एक स्टॉपचा, किंवा किंचित जास्त. एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश.

आता लेन्सचा हिशेब करा. निकॉनच्या एपीएस-सी कॅमेऱ्यांसोबत मिळणारी १६-५० मिमी लेन्स ५० मिमीला एफ/६.३ पर्यंतच उघडते. त्याच जागी ५० मिमी एफ/१.८ लावली तर प्रकाश सुमारे बारापट येतो, म्हणजे साडेतीन स्टॉपहून जास्त. आधी आयएसओ ६४०० लागत होता, तिथे तोच शटर स्पीड साधारण ५०० वर मिळतो. फुल फ्रेम बॉडीवर किट लेन्स लावून हे होणार नाही.

त्यामुळे पहिल्या खरेदीत बजेट ताणायचं असेल तर ते लेन्ससाठी ताणा. साधी एपीएस-सी बॉडी, सोबत किट लेन्स आणि एक एफ/१.८ किंवा एफ/१.४ प्राइम. प्राइम म्हणजे झूम न होणारी लेन्स. घरातले आणि कार्यक्रमातले फोटो काढणाऱ्याला एपीएस-सीवर ५० मिमी खोलीत अडचणीची होते, मागे सरकायला भिंत येते; त्याने ३० ते ३५ मिमीच्या आसपासची घ्यावी. पोर्ट्रेटला ५० किंवा ५६. एकाच लेन्सवर भागवायचं असेल तर सिग्माची १८-५० एफ/२.८ सोनी, फुजी आणि कॅनन आरएफ या तिन्हींसाठी मिळते आणि वजनाने अगदी हलकी आहे.

‘पुढे फुल फ्रेम घेणार आहे, मग लेन्स आताच फुल फ्रेमच्या घेऊ का?’ पुढे म्हणजे वर्षभरात असेल तर घ्या. नाहीतर विनाकारण जड आणि महाग लेन्स वागवाव्या लागतात. उलट, एपीएस-सीची लेन्स फुल फ्रेमवर लावली की कॅमेरा मधलाच भाग वापरतो आणि २४ मेगापिक्सेलचे दहा-साडेदहा उरतात, हेही ध्यानात असू द्या.

बॉडीतलं स्टॅबिलायझेशन किती महत्त्वाचं?

यात हाताच्या थरथरीच्या उलट दिशेने सेन्सर हलवला जातो. सोनी ए६७००, फुजी एक्स-एस२०, कॅनन आर७, निकॉन झेड५ यांत ते आहे. आर५०, आर१०, झेड५० आणि सोनी झेडव्ही-ई१० मध्ये नाही. देवळाचा गाभारा, रात्रीचे घाट, चालत काढलेला व्हिडिओ यांसाठी ते मोलाचं. पण ते फक्त तुमचा हात स्थिर करतं, समोरच्याला स्थिर करत नाही. पूजेला बसलेल्या माणसाला १/१२५ पुरतं, खेळणाऱ्या मुलांना १/२५०, लेझीमला १/५००, ढोलावरची टिपरू गोठवायला १/८०० किंवा जास्त. माणसांचे फोटो मुख्य असतील तर स्टॅबिलायझेशनसाठी जास्त पैसे मोजण्यापेक्षा मोठ्या अॅपर्चरची लेन्स बरी.

बॅटरी आणि कार्ड

सेन्सर आणि पडदा सतत चालू, म्हणून बॅटरी लवकर संपणारच. सोनीच्या जुन्या एफडब्ल्यू५० बॅटरीची क्षमता १०२० एमएएच होती, एफझेड१०० ची २२८० आहे. जुन्या आणि नव्या मॉडेलमध्ये घोळत असाल तर हा फरक वजनदार आहे. छोट्या बॅटरीच्या कॅमेऱ्याला दोन जादा बॅटऱ्या धराव्याच. अगदी स्वस्त, नाव नसलेली बॅटरी फुगून आतच अडकू शकते. विमानात जादा बॅटऱ्या केबिन बॅगेतच ठेवायच्या, टोकं झाकून.

कार्डावर मोठ्या अक्षरात छापलेला वेग बहुधा वाचण्याचा असतो. बघायचं ते व्ही३०, व्ही६०, व्ही९० हे चिन्ह. व्ही३० म्हणजे सेकंदाला किमान ३० मेगाबाइट सलग लिहिण्याची हमी. १०० मेगाबिटचा फोर-के व्हिडिओ प्रत्यक्षात सेकंदाला १२.५ मेगाबाइट लागतो, कारण ८ बिट म्हणजे एक बाइट. त्याला व्ही३० पुरेसं आहे. पक्षी, खेळ यांचे रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेले) फोटो सलग घेत असाल, तर २५ मेगाबाइटची एक फाइल गुणिले दहा, म्हणजे सेकंदाला २५० मेगाबाइट. तिथे व्ही९० किंवा निदान व्ही६० लागेल आणि तेही कॅमेऱ्याची खाच यूएचएस-टू (जलद कार्डांसाठीची) असेल तरच उपयोगी.

धूळ आणि पावसाळा

समोर आरसा नसल्याने लेन्स काढली की सेन्सर उघडा पडतो. कॅमेरा बंद करा, तोंड जमिनीकडे ठेवा, दुसरी लेन्स हाताशी तयार ठेवा, मगच बदला. काही मॉडेलमध्ये बंद केल्यावर शटरचा पडदा सेन्सरवर येतो. त्या नाजूक पडद्याला बोट लावू नये. धुळीसाठी रबरी ब्लोअर वापरावा. तोंडाने फुंकर मारली की थुंकीचे डाग पडतात आणि डब्यातल्या दाबाच्या हवेने पडदा वाकू शकतो.

कोकण, गोवा, मुंबईत खरा शत्रू बुरशी. कातडी किंवा फोमच्या बॅगेत कॅमेरा महिनोन्‌महिने ठेवणं म्हणजे तिला आमंत्रणच. हवाबंद डबा, आत सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक एवढ्यात काम होतं. आकडा ४० ते ५० टक्के असावा. ३० च्या खाली फार काळ नको, रबर आणि आतलं वंगण सुकतं. सिलिका जेलचा रंग बदलला की मंद आचेवर कोरडं करून परत वापरता येतं. एसी खोलीतून दमट हवेत जाताना कॅमेरा झिप पिशवीत बंद करून न्यावा आणि अर्ध्या तासाने उघडावा, म्हणजे काचेवर दव धरत नाही.

मग वापरलेला कॅमेरा घ्यावा का?

जरूर, पण तपासून. एफ/१६ ला ढगाळ आभाळाचा किंवा पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून मोठा करून बघा. काळे ठिपके म्हणजे सेन्सरवरची धूळ, ती साफ होते. धाग्यासारखी जाळी लेन्समध्ये टॉर्च मारल्यावर दिसली तर ती बुरशी, तिथे सौदा थांबवा. शटर काउंटवर, म्हणजे आजवर काढलेल्या फोटोंच्या आकड्यावर, फार विसंबू नका, कारण काही कॅमेऱ्यांत इलेक्ट्रॉनिक शटरचे फोटो त्यात धरले जात नाहीत. स्टॅबिलायझेशनच्या काही बॉडी बंद असताना हलवल्या की आतून खुळखुळ येते. ते सेन्सर सैल राहिल्यामुळे आहे, दोष नाही. कॅमेरा सुरू केल्यावर आवाज थांबला पाहिजे. लेन्सच्या टोकाचे सोनेरी संपर्क-बिंदू काळवंडलेले नाहीत ना ते पहा, मूळ बिलावरचा अनुक्रमांक बॉडीच्या तळाशी असलेल्याशी जुळवा, आणि शेवटी विक्रेत्याच्याच दुकानातल्या ट्यूबखाली सायलेंट मोडवर १/५०० आणि १/१०० असे दोन फोटो काढून बघा. तो कॅमेरा पट्ट्या किती देतो आणि १/१०० वर त्या जातात का, हे पैसे देण्याआधीच समजेल.